रामजीच्या ढोलकीवर घातलेली चूक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आणि बाजारात रोज किती भात मोजलं, किती उरलं, हे तिला न चुकता सांगणारा माणूस मी!

मी मुरबाडच्या बाजारात मापाडी. शेतकऱ्याचं भात व्यापाऱ्याला देताना पायलीने मोजायचं, पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, पुढची गणती मोठ्याने करायची. दोघांत वाद झाला तर मापाडी सांगेल ते खरं. मग पुन्हा कुणी मोजत नाही. ही रीत आधी सांगतो, कारण मी जे केलं ते हिच्याच आधाराने केलं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. जत्रेच्या दिवसांत आमच्या एका भाताच्या शेठने दुपारी माडीवर बैठकीची लावणी ठेवली. आम्ही ऐकणारे चौदा जण. खोली एवढीशी, की पुढच्या ओळीतल्यांचे गुडघे गाणारणीच्या जाजमाला टेकत. गोदाबाई घाटावरची, चाळिशीची. बसूनच गायची. एकच ओळ ती सात वेळा म्हणाली—मी मोजत होतो—आणि सातही वेळा तिची भुवई निराळं काही सांगत होती. एकदा लाड, एकदा रुसवा, एकदा असं काही, की मी मान खाली घातली. मागे रामजी ढोलकीवर. साठीचा, डोळे मिटलेला. बाईचा हात उठायच्या आत त्याची थाप तिथे पोचलेली असे.

त्यांचा टाळवाला तापाने पडला होता. शेठ म्हणाले, "आमचा मापाडी बसंल की! भजनात टाळ धरतो. त्याची गणती कधी चुकत नाय."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो का? नाही. चौदा जणांत मला पुढे बोलावलं, याचा—आता काय लपवू—मला फार आनंद झाला.

आमच्या भजनात शेवटाकडे लय चढते, हात आपोआप धावतो. लावणीत बाई तिथेच लय रोखून धरते, वाट पाहायला लावते. ती शेवटच्या ओळीवर थांबली—आणि माझा हात धावला. आधी अर्धी मात्रा, मग पुरी. मला सांभाळून घ्यायला रामजीने थाप बदलली. तेवढ्यात बाई समेवर आली, आणि तिथे कुणीच नव्हतं. तिचा शब्द अधांतरी राहिला. कुणीतरी फिसकन हसलं.

शेठचे कल्याणचे पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर शेठचा चेहरा उतरला. "कोन चुकला रे?" आणि माझ्याकडे वळून, "मापाड्या, तूच सांग. तू सांगशील ते खरं."

मला ठाऊक नव्हतं का? मात्रेपर्यंत ठाऊक होतं. मी म्हणालो, "ढोलकी मागं पडली."

रामजीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दादा मोजत व्हते. ते म्हनत्यात तर चुकलो आसंन." आणि ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.  गोदाबाईला कळलं होतं, असं मला वाटतं. पण बोलावणं शेठचं होतं. पुढल्या साली यायचं तर ढोलकीवाला बदलून या, असं शेठने तिथेच सुनावलं.

पुढल्या साली तिच्यामागे दुसराच ढोलकीवाला होता. रामजी खाली अंगणात पथकाच्या बैलांना पेंढा घालत होता. मला पाहून उठला. वाटलं, आता शिवी घालेल. घातली असती तर—जाऊ दे.

त्याने हळूच विचारलं, "दादा, येक इचारू? त्या दिशी खरंच माझीच चुकली व्हती का? तवापास्नं ढोलकीवर हात ठेवला की भरवसाच वाटत न्हाई."

अंगणात आम्ही दोघंच. शेठ वर, पाहुणे वर. मग मला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही.

"होय रामजी," मी म्हणालो, "तुमचीच."

तो मान हलवून पुन्हा पेंढा सोडायला लागला. मी माडीवर गेलो, पुढच्या ओळीत बसलो आणि सगळी बैठक ऐकली.