वेण्यांतलं विष

डॉक्टर मॅडमनी अंकिताच्या पापण्या वर करून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर. मॅडम म्हणाल्या, "ही विषबाधा आहे. काय प्यायली ही?"

मी म्हटलं, काही नाही.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यातला अपघात विभाग होता तो. माझी मुलगी सातवीत. मी साक्रीला नोकरी करतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, हे सांगायला मी लाजत नाही. त्या दिवशी पदवीचा उपयोग एवढाच झाला की डॉक्टर काय बोलतात ते कळत होतं. आपल्याला काय वाटतंय ते मात्र कळत नव्हतं. अंकिताची एक चप्पल गाडीत राहिली होती. ती आणायला पाहिजे, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सुट्टीत ती पिंपळनेरजवळ आमच्या गावी होती, अक्काकडे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अंकिताची फुई. दुपारी पोरीला उलट्या झाल्या, जुलाब झाले. अक्काला वाटलं ऊन लागलं. तिने तळपायांना कांद्याचा रस चोळला. पोर लुळी पडायला लागली तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी काढली. पिंपळनेरला सलाईन लावून पुढे धुळ्याला पाठवलं. आम्ही नवराबायको साक्रीच्या फाट्यावर गाडीत चढलो.

ऑर्गनोफॉस्फरस, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे पिकावर मारायच्या औषधांतला एक प्रकार. यात शरीरातल्या नसा चालूच राहतात, बंद व्हायचं विसरतात. म्हणून लाळ थांबत नाही, छाती पाण्याने भरते, माणूस आतल्या आत बुडतो. त्यावर अॅट्रोपीन देतात. त्याने छाती कोरडी होते.

नाकातून नळी घालून पोट धुतलं. कपडे काढून अंग पुसलं. दवाखान्याने एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. ती गुन्ह्याची नसते, विषबाधेत करावीच लागते. पण जमादार बाकावर येऊन बसला आणि बायको माझ्यापासून जरा लांब सरकून बसली. त्याने विचारलं, पोरीला कोणी रागावलं होतं का? शाळेचं काही? दुसरं काही? माझी पोर विष पिणार नाही, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच असं सांगतात, भाऊ."

अॅट्रोपीनने छाती मोकळी झाली. थोड्या वेळाने पुन्हा भरली. डोस वाढवला, पुन्हा तेच. मॅडम दर वेळी छातीला स्टेथोस्कोप लावत आणि ओठ घट्ट मिटत. श्वास असाच अडत राहिला तर व्हेंटिलेटर लावावा लागेल, म्हणाल्या. मी मान हलवली. कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी तशीच हलवली असती.

मग मॅडम बाहेर आल्या. या वेळी त्यांनी वेगळं विचारलं. "विष अजून कुठून तरी शरीरात जातंय. अंगाला काही लावलं होतं का? त्वचेतूनही जातं हे."

अक्का भिंतीला टेकून खाली बसली होती. ती जमादाराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरना डोकाले मीच औसद लायं, भाऊ. उवा पडेल व्हत्यात."

अंकिता सुट्टीनंतर वसतिगृहात जाणार होती. तिथे उवा सापडल्या की केस कापतात, असं अक्काने ऐकलं होतं. पोरीच्या वेण्या कमरेपर्यंत. त्या वाचाव्यात म्हणून अक्काने कपाशीवर मारायचं उरलेलं औषध खोबरेल तेलात कालवून मुळांशी चोळलं आणि घट्ट वेण्या घातल्या. आमच्याकडे पुष्कळ घरांत असं करतात. पोटात गेलं तरच बाधतं, असा समज. काय प्यायली म्हणून सगळे विचारत होते, आणि पोर खरंच काही प्यायली नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. तशाच आत गेल्या. वेण्या मुळापासून कापल्या, डोकं भादरलं, साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं. त्यानंतर भरलेली छाती मोकळी झाली ती मोकळीच राहिली.

पुढचे काही दिवस रोज एकच परीक्षा होती, अंकिताला उशीवरून मान उचलता येते का. या विषाने मानेचे आणि श्वासाचे स्नायू नंतरही अचानक ढिले पडतात. मी काचेतून बघायचो. ती मान उचलायची. मी बाकावर परत येऊन बसायचो. व्हेंटिलेटर लागला नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घरी उलटी करवू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. औषधाची बाटली सोबत न्या. प्यायलेलंच नव्हे, लावलेलं, हुंगलेलं, हाताळलेलं सगळं सांगा. पोलीस समोर असले तरी सांगा. अक्का शाळेत गेली नाही म्हणून मी कॉलेजात गेलो. त्या बाकावर तिने जे तोंडातून काढलं, ते काढायला किती धीर लागतो, मला माहीत आहे. त्या मॅडमचे आणि तिचे उपकार मी एकाच मापाने धरतो.

घरी आल्यावर अक्का पोरीच्या जवळ जाईना. दारातच बसायची, हात पदराखाली. अंकिता उठून तिच्याजवळ गेली आणि भादरलेलं डोकं तिच्या मांडीवर टेकवून म्हणाली, "फुई, आते उवा कोठे ऱ्हातीन?"

अक्का आत गेली. हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग येऊन बसली आणि कोरडेच हात पोरीच्या डोक्यावरून फिरवत राहिली.