आकडा नसलेला कप्तान

कॉलेजात असताना खेळायचो तो क्रिकेट संघ सांभाळायचा गेम गेल्या वर्षी मी पुन्हा कॉम्प्युटरवर घेतला. त्यात बॅट हातात येत नाही. पडद्यावर नावे आणि नावांपुढे आकडे असतात: फलंदाजी ७१, झेल ६४, मनोबल ८०. आपण अकरा जण निवडायचे आणि सामना ओळीओळीने वाचत बसायचे. मला तो आवडला, हे नाकारत नाही. बेरीज जुळते. वगळलेला खेळाडू तोंड पाडून बसत नाही. त्याचे मनोबल सहाने उतरते आणि दोन सामन्यांनी आपोआप चढते. पन्नाशीच्या माणसाला इतकी आज्ञाधारक माणसे दुसरीकडे मिळत नाहीत. त्यालाच मी संघ चालवणे समजू लागलो, इतका तो गेम बिनडोक आहे आणि तितकाच मी.

आमच्या गल्लीमागच्या मैदानावर दर रविवारी टेनिस बॉलचे क्रिकेट चालते. नियम एकच: आधी येईल तो खेळेल, उशिरा येईल तो अंपायर. सगळ्यांत आधी यायचा तो आमचा विकेटकीपर. माझा शेजारी, शाळेपासूनचा मित्र, चादरीच्या कारखान्यात नोकरीला. स्टंप त्याच्याच घरी असतात.

यंदा कप्तानी माझ्याकडे आली आणि मी वही काढली. नऊ रविवारांत त्याच्याकडे सव्वीस झेल आले, अकरा सुटले. आधी येण्याचा नियम बाजूला ठेवून मी अकरा जणांची यादी केली, त्याला वगळले आणि यादी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकून दिली.

"अहो, तोंडाने तरी सांगायचं," बायको म्हणाली.

"आकडे समोर आहेत. सांगायचं काय त्यात?"

गेममध्ये सांगावे लागत नाही.

रविवारी सात वाजले तरी मैदानावर स्टंप नव्हते. दहा माणसे माझ्याकडे बघत उभी होती. मी त्याच्या घरी गेलो. तो स्टंप घेऊनच दारात आला.

"घ्या, मालक."

चाळीस वर्षे हा माणूस मला 'ए' म्हणून हाक मारतो.

"चल की," मी म्हणालो.

"आमचं नाव कुठंय यादीत? तुमचा आकडा किती, मालक? तेवढा दाखवा, मग आमचं काय ते बोलू."

वहीत माझे नावच नव्हते. गेममध्ये संघ चालवणाऱ्यापुढे आकडा नसतो. हरला की तो खेळाडू बदलतो. तीच लबाडी मी गल्लीत आणली होती. मोबाइलमध्ये त्याच नऊ रविवारांचे स्कोअर होते, सुटलेल्या झेलांसकट. दारातच उभा राहून मोजले. माझ्याकडे आठ झेल आले होते, पाच सुटले होते. प्रमाण काढले तर त्याच्यापेक्षा वाईट.

"तुझ्यापेक्षा मी वाईट निघालो," मी सांगितले. "तू कीपिंग कर. मी अंपायर."

तो हसला नाही. आत जाऊन ग्लोव्हज घेऊन आला आणि माझ्या पुढे चालू लागला.

त्या दिवशी त्याने दोन झेल सोडले. मी मोजले, सवय जात नाही. तिसरा त्याने पकडला आणि माझ्याकडे वळून ओरडला, "ए, आउट आहे की तो. का वही बघून सांगणार?"

आउट नव्हता. बॉल बॅटला लागलाच नव्हता. मी बोट वर केले नाही. सामना संपेपर्यंत तो मला शिव्या देत राहिला आणि एकाही शिवीत 'मालक' नव्हता.