हातांना सोसेल अशी वाट

फाल्गुनातल्या सकाळी खाडीला ओहोटी लागली की डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या गॅलरीत चिखलाचा वास चढून येतो. खारट, जड, किंचित कुजकट. घरी आलेले पाहुणे नाक मुरडून खिडकी लावून घेतात आणि मी त्यांच्या पाठी ती हळूच उघडते, कारण त्या वासात माझं माहेर असतं. कळव्याच्या अंगाला, खाडीला खेटून बाबांचं मिठागर होतं. ऊन तापू लागलं की त्या उथळ चौकोनांतलं पाणी आधी निळसर, मग गढूळ आणि मग एखाद्या दुपारी अकस्मात पांढरं होई; बाबा लांब दांड्याच्या फळीने ते पांढरेपण कडेला ओढून आणत, आणि त्यांच्या पोटऱ्यांवर सुकलेल्या मिठाची नक्षी उमटे. मी त्यांची भाकरी घेऊन बांधावरून जायची. पायांत चप्पल नसे, आणि डोळे उन्हाने नव्हे, त्या शुभ्रतेने दिपून बारीक झालेले असत.

मिठागर बंद होऊन फार काळ लोटला. बाबाही गेले. भातशेतीच्या जागी भावांच्या इमारती उभ्या राहिल्या, मी ठाण्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवत निवृत्त झाले, आणि तो बांध मात्र खाडीकाठी तसाच पडून राहिला. भरतीने खचू नये म्हणून त्यावर कधीतरी दगडगोटे टाकले होते. गाडी जाण्याजोगी ती वाट नव्हती, आणि चालत जावं तर माझे गुडघे अर्ध्यातच हात टेकत. संधिवाताने आधी बोटं धरली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळचा चहाचा कप मी दोन्ही तळव्यांत धरते. लोकांना वाटतं, ऊब घेते आहे.

गुडघ्यांवर सुधीरने उपाय काढला होता. माझा नवरा आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात यंत्रांची देखभाल करत आला. घरात कुणाला काही दुखलं तरी तो आधी सांधे कुठे घासताहेत ते पाहतो. त्याने माझ्यासाठी डोंगरवाटांवर चालणारी विजेची सायकल आणली. पायडलवर नुसता पाय ठेवला तरी मोटर हलकेच पुढे नेते, आणि गुडघ्यांना फक्त फिरायचं तेवढं काम उरतं. आम्ही मोठ्या हौसेने ती टेम्पोतून भावाच्या दारापर्यंत नेली आणि बांधावर चढवली. गुडघे गप्प राहिले, पण मनगटं पेटली. पुढच्या चाकाला तोलणारा फोर्क जाडजूड स्प्रिंगचा होता. माझ्यासारख्या हलक्या बाईखाली तो दबायलाच तयार नसे, आणि दबलाच तर खाडकन उसळून हँडल हातात आदळे. प्रत्येक दगड माझ्या बोटांच्या पेरांतून खांद्यापर्यंत चढत होता. बांधाखालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या पहिल्या मोरीशीच मी थांबले. समोर खाडी चकाकत होती, वारा येत होता, आणि मला हँडलवरची बोटं सोडवता येईनात. ती सुधीरने एकेक करून सोडवली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "राहू दे रे आता. भाच्याला सांगते, तो फोटो काढून पाठवेल."

"फोटोला वास येतो का?" तो सायकलच्या पुढ्यात उकिडवा बसला होता. "वनू, गुडघ्यांचा प्रश्न मोटरने सोडवला. आता हातांचा सोडवू."

त्यानंतर आमच्या घरात कितीतरी दिवस फोर्कशिवाय दुसरा विषय नव्हता. स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा फोर्क हवा होता, कारण हवा माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त भरता येते. तो विजेच्या सायकलीचा वाढीव भार पेलणारा हवा, चाकाच्या आसाशी जुळणारा हवा, आणि फार उंचही नको, नाहीतर सायकलचं नाक वर जाऊन सगळा तोल बदलेल. ठाण्याच्या दुकानातून तो अखेर खोक्यात आला, तेव्हा सुधीरने गॅलरीत जुनी चादर अंथरली आणि जुना फोर्क उतरवला. नव्या फोर्कची वरची नळी लांब होती. ती कापायची म्हणजे एकदाच, चुकली तर चुकली. त्याने मापाची खूण केली, पुन्हा मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. करवत चालू असताना मी स्वयंपाकघरातून हलले नाही. लग्न ठरलं तेव्हा 'आगऱ्यांची पोर आपल्याकडे कशी रमेल' असं त्याच्या घरात बोललं गेलं होतं, आणि त्यावर हा माणूस एक अक्षर न बोलता रविवारी माझ्या बाबांबरोबर मिठागरात फळी ओढायला उभा राहिला होता. त्याचं बोलणं हे असंच, हातांनी.

फोर्क बसला. मग त्याने मला सायकलवर बसवलं आणि भिंतीला टेकून स्थिर राहायला सांगितलं. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडी होती. मी बसले की फोर्क माझ्या भाराने दबायचा, कडी वर सरकायची, आणि मी उतरल्यावर ती जिथे राही तिथून हवा किती हवी ते कळायचं. त्याने छोट्या पंपाने माझ्या वजनाच्या अंदाजाने हवा भरली होती. मी बसले, उतरले. कडी जेमतेम हलली होती.

"हवा जास्त झाली का?" मी विचारलं.

 त्याने फुस्स करून थोडी हवा सोडली, मला पुन्हा बसवलं, पुन्हा सोडली. मग कडीकडे पाहतच म्हणाला, "तू किती हलकी झालीस गं."

माझा आजार आम्ही इतकी वर्षं औषधांच्या नावांनी बोलत आलो होतो. असं सरळ, हवेच्या भाषेत तो कधी आमच्यामध्ये आला नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.  खालून खाडीचा वास येत होता.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बांधावर होतो. सुधीर त्याच्या जुन्या साध्या सायकलवर, माझ्या मागे. पहिले दगड आले तेव्हा मी सवयीने दात आवळले, श्वास रोखला आणि आघाताची वाट पाहिली. तो आलाच नाही. फोर्क खाली गेला आणि पाण्यावरची होडी लाटेनंतर उठावी तसा, घाई न करता वर आला. दगड होते, ते मला कळत होते, पण आता ते दुरून बोलल्यासारखे, कुणीतरी मधे उभं राहून सौम्य करून सांगितल्यासारखे. मोरी मागे पडली. दोन्ही बाजूंना तिवरांची, खारफुटीची गच्च हिरवी भिंत होती, तिच्या फटींतून चिखलाचा रुपेरी उजेड येत होता, कुठे एखादा बगळा एका पायावर उभा होता. माझी बोटं हँडलवर सैल होती. कितीतरी काळाने ती माझी वाटत होती.

उघाडीपाशी आम्ही थांबलो. भरतीचं पाणी मिठागरात घेण्याचं आणि अडवण्याचं ते दगडी दार. त्याची लाकडी फळी केव्हाच कुजून गेली होती. पलीकडे बाबांचे चौकोन असायला हवे होते. तिथे तिवरं होती. मी डोळे बारीक करून पाहत राहिले, पण दिपवणारं काहीच नव्हतं. होतं ते सगळं गार, हिरवं, ओलं.

खाली चिखलात एक म्हातारा चिंबोऱ्या धरत होता. तो सावकाश वर आला आणि कपाळावर हात धरून मला न्याहाळू लागला.

"बालारामची पोर ना गो तू? वनी?"

मला त्याची ओळख पटेना. तो हसला. "आमी तुज्या बापाच्या शेजारचं आगर करायचो. तुजी भाकर आली का आमीबी हात धुवायचो."

"काका, आमचं आगर नेमकं कुठलं?"

त्याने हात उचलला, तिवरांकडे केला, थोडा डावीकडे सरकवला, थोडा उजवीकडे, आणि मग खाली सोडला. "ह्याच्यातच हाय गो कुठंतरी. आता मला पन नाय उमगत."

मला वाटलं होतं, इथे आले की मी रडेन. इतक्या वर्षांची ओढ इथे येऊन निवेल आणि मी शांत मनाने घरी जाईन, असंही वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही. आत काहीतरी तसंच ताणलेलं राहिलं, फक्त त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळेना. उघाडीच्या पुढेही बांध गेला होता. लहानपणी तिकडे जायची मला परवानगी नव्हती; बाबा म्हणत, पाण्याचा नेम नसतो. त्यामुळे तो कुठे जातो हे मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि गंमत म्हणजे इतक्या वर्षांच्या आठवणींत ते मला कधी आठवलंही नव्हतं.

"काका, पुढे वाट आहे?"

"हाय तर. पन पुढं काय बघशील? काईच नाय. खाडी नि आभाल."

सुधीर जवळ आला. "दमली असशील. फिरू या मागे?"

मी हात पाहिले. मुठी मिटल्या, उघडल्या. दुखत होतं, पण नेहमीइतकंच.

"जरा पुढे जाऊन येते," मी म्हटलं आणि पायडलवर पाय ठेवला. मोटर हलकेच गुणगुणली. ज्याला मी सोडून आलेल्या गोष्टींची ओढ समजत होते, तिच्यात न पाहिलेल्याचीही थोडी ओढ मिसळलेली असावी. कोणती किती, हे आता वेगळं करून सांगता येणार नाही. तिवरं विरळ होत गेली, दोन्ही बाजूंना पाणी उघडं पडलं आणि वारा थेट चेहऱ्यावर आला. सुधीर मागून काहीतरी विचारत होता. वाऱ्यात शब्द नीट आले नाहीत, आणि मी थांबले नाही.