आधी हात की आधी गुडघे

विहिरीत उडी मारण्याआधी मामा उजवा तळपाय डाव्या पोटरीला पुसायचे, मग डावा उजवीला. कुणाच्या घरात शिरायचं असल्यासारखे. आणि म्हणायचे, "अंग जातं. म्या नुसता त्याच्या मागनं जातो."

भोंगवलीजवळच्या एका शाळेत ते शिपाई होते आणि मी ड्रिलमास्तर. एकोणीसशे सत्तरनंतरची दोन-चार वर्षं असतील. मामा पन्नाशीचे, पोट सुटलेलं, घंटा बडवतानाही दम लागायचा. पण रविवारी शाळेमागच्या विहिरीवर, काठाबाहेर काढलेल्या सागवानी फळीच्या टोकाला उभे राहिले की बघत राहावं! फळी दबायची, हात वर जायचे, फळी उसळायची आणि तेवढं जड अंग अलगद सुटायचं. पाण्याचा आवाज घागर बुडवल्याएवढा.

मी पुण्याला जाऊन रीतसर शिकलेला. टाच कधी उचलायची, नजर कुठं ठेवायची, वहीत चित्रांसकट सगळं. आणि माझ्या उडीनं काठावर धुणं धुणाऱ्या बाया भिजायच्या. "गुर्जी, आमाला आंघूळ नको हाय!" म्हणून हसायच्या. खोटं कशाला बोलू, मामांवर जळायचो मी. सोमवारी त्यांच्या हातचा चहासुद्धा कडू लागायचा.

एका वर्षी पुण्यात शाळांच्या नोकरवर्गाच्या पोहण्याच्या स्पर्धा निघाल्या. उडीसाठी प्रत्येक शाळेतून एकच नाव. हेडमास्तर म्हणाले, "रविवारी दोघं उड्या मारा. ज्याची चांगली, तो जाईल."

आता तुम्हीच सांगा, निकाल काय लागणार होता?

रविवारी आधी माझी उडी झाली. बाया भिजल्या. मामा फळीवर चढले, तळपाय पुसले. मी काठावरून, अगदी आदरानं विचारलं, "मामा, एक सांगा. उडताना तुमचे हात आधी वर जातात, की गुडघे आधी सरळ होतात?"

मामा थबकले. "आँ? कदी बगितलं न्हाई, गुर्जी." त्यांनी हात थोडे उचलले, खाली घेतले. गुडघे वाकवले. पुन्हा हातांकडे पाहिलं. मग उडी मारली आणि सपशेल पोटावर आपटले. सगळे हसले. मीही हसलो.

पुण्याला मी गेलो. शेवटून पहिला आलो.

परतलो तर मामा विहिरीच्या काठावर बसलेले. म्हणाले, "गुर्जी, तुमी शिकल्यालं हाय. सांगा की, आदी हात का आदी गुडगं? फळीवर गेलो की तेच डोक्यात येतं. अंग जाईनाच झालंय." राग नाही, संशय नाही. आपलंच काही चुकलं, असा चेहरा.

"वही बघून सांगतो," म्हणालो. तेव्हाही, बघा, मला बरंच वाटत होतं.

मामा पुन्हा फळीवर चढले नाहीत. रिटायर होऊन वेल्ह्याला लेकीकडं निघाले, तेव्हा मी एसटीवर पोचवायला गेलो. गाडीच्या पायरीशी त्यांनी सवयीनं तळपाय पोटरीला पुसला आणि मागं वळून विचारलं, "गुर्जी, वही घावली का?"

"पुढच्या खेपेला, मामा," मी म्हणालो.

पुढची खेप आलीच नाही. दोन वर्षांनी वेल्ह्याहून कार्ड आलं, मामा गेले.

वहीची गरजच नव्हती हो. "मामा, अंग जाईल, तुम्ही नुसते मागनं जा," एवढंच सांगायचं होतं.