चुगलीचं खोकं

फूटपट्टी बाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. ताठ मान, ताठ चाल आणि बोलणंही सरळ रेषेत. त्यांचा दहावीचा इंग्रजीचा वर्ग आणि गणिताच्या सरांचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळे गेली तेवीस वर्षं सर गणित शिकवता शिकवता इंग्रजीही फुकटात ऐकत आले होते. बाई दरवर्षी अशी एखादी कादंबरी घेत, जिच्यात पुढच्या काळातलं एक शहर असे आणि तिथल्या माणसांना विचार करायचीही चोरी असे. सर चिडवायचे, "बाई, आहे ते जग पोरांना झेपेना, तुम्ही न आलेलं कशाला शिकवता?"

"आल्यावर मला शिकवू देतील का?" बाई म्हणायच्या.

यंदाच्या कादंबरीत शेजारी शेजाऱ्याची चुगली करून बक्षीस मिळवतो. पुस्तक उघडण्याआधी बाईंनी बुटांच्या खोक्याला फट पाडून ते टेबलावर ठेवलं. कोण उशिरा आलं, कुणी गृहपाठ उतरवला, चिठ्ठीवर लिहून खाली आपलं नाव घालायचं. एका चिठ्ठीला एक गुण. दोन दिवसांत पोरांना किळस येईल, मग पहिलं पान काढू, असा बाईंचा अंदाज.

पण ते माकडाच्या हाती कोलीत झालं. आठवड्यात खोकं दोनदा रिकामं करावं लागलं. आधी वर्गातल्या चुगल्या, मग मैदानावरच्या, मग थेट घरातल्या. पार्टिशनपलीकडचा कलकलाट थांबला तेव्हा सरांना बरंच वाटलं होतं. चौथ्या दिवशी मात्र ती शांतता त्यांच्या अंगावर यायला लागली. बालवाडीपासून एका डब्यात जेवणाऱ्या दोन मैत्रिणी आता वर्गाच्या दोन टोकांना बसत होत्या.

"चुकलंच माझं," बाई स्टाफरूममध्ये सरांना म्हणाल्या. "मला वाटलं, एखादं तरी पोर नाही म्हणेल."

त्याच दुपारी मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. सर शिस्त समितीवर होते. मुख्याध्यापक भलतेच खुशीत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाले. सोमवारपासून असं खोकं प्रत्येक वर्गात ठेवायचं, समितीच्या ठरावावर फक्त सरांची सही हवी. आणि बाईंच्या वर्गातल्या सगळ्या चिठ्ठ्या उद्या टेबलावर हव्यात, म्हणजे एकेकाला सरळ करता येईल. जाता जाता त्यांनी हेही सोडून दिलं, की इंग्रजी विभागप्रमुखाची ऑर्डर टाइप होऊन पडली आहे. बाई नऊ वर्षं त्या खुर्चीची वाट बघत होत्या, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. देतील चिठ्ठ्या, त्यांनी मनाशी म्हटलं. आपण नसत्या का दिल्या?

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला पलीकडे बादली आदळली. सरांनी पार्टिशनच्या फटीला डोळा लावला. हे काही त्यांचं वय नव्हतं, पण लावला. फरशी पुसायच्या बादलीत बाईंनी आधीच्या चिठ्ठ्यांसकट अख्खं खोकं उपडं केलं होतं आणि बाह्या सारून त्या चिठ्ठ्यांचा लगदा कालवत होत्या.

"या चिठ्ठ्या वर पाठवा असा हुकूम आहे," त्या म्हणाल्या. "मी पाठवणार नाही. मी मागितल्या म्हणून तुम्ही लिहिल्या, तेव्हा पहिला दोष माझा. गुण सगळ्यांचे रद्द. आणि ज्यांना वाईट वाटतंय त्यांनी मला सांगू नका, ज्याच्याबद्दल लिहिलंत त्याला सांगा."

मग खिडकीजवळची मुलगी उठली, अख्खा वर्ग ओलांडून दाराजवळच्या मैत्रिणीपुढे उभी राहिली.

"सात लिहिल्या मी तुझ्यावर."

"मी नऊ," दुसरी मान खाली घालून म्हणाली. "त्यातल्या दोन तर खोट्याच."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळा वर्ग बोलायला लागला.

विभागप्रमुखाची ऑर्डर दुसऱ्याच्या नावानं निघाली. बाईंनी त्यांचं अभिनंदन केलं आणि तासाला गेल्या. ठरावाचा कागद सरांपुढे आला तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि कागद तसाच मागे सरकवला. छप्पन्न वर्षांचं वय, आणि वरच्या माणसाला नाही म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ.