लंबूच्या बुटक्याला लागलेली नोकरी

माझी थोरली हल्ली जेवताना भांडत नाही. भाजीला नावं ठेवत नाही, धाकट्याच्या ताटातलं उचलत नाही. मान खाली घालून जेवते आणि उठते. ताप असता तर निदान गोळी तरी देता आली असती.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, काड्या वाकवायच्या आणि "आता टोचतंय का?" म्हणून विचारायचं. शनिवारी मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचं राज्य. ती एक गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीत एकेक सोंग घेतात, आणि कोण तरलं, कोण बुडालं ते फासे ठरवतात. धाकटा जादूगार होतो. तिची वकील मैत्रीण चोर होते. कोर्टापेक्षा इथे जास्त खरं बोलते, असं धाकट्याचं मत. आणि लंबू. तो थोरलीचा शाळेपासूनचा मित्र, हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्या दारातून वाकून आत येतो, पण सोंग घेतो कुऱ्हाडवाल्या बुटक्याचं.

या मंडळींचा एक नियम आहे. जो येणार नाही त्याचं सोंग बाकीच्यांनी चालवायचं, आणि जे होईल ते त्याने स्वतः येऊन निस्तरायचं. लंबूची रात्रपाळी लागली आणि सगळ्यांचं फावलं. अनोळखी दार दिसलं की एका सुरात, "बुटक्या, उघड!" पुलावर आधी बुटका, विषाची चव घ्यायला बुटका. लंबू परत आला तेव्हा त्याच्या बुटक्याला दाढी नव्हती, एक कान नव्हता, आणि अंगाला बेडकाचा वास येत होता.

"मी तिकडे पेशंट सांभाळतोय आणि तुम्ही इकडे माझी ही गत केलीत?" तो थोरलीलाच म्हणाला. "त्या दोघांचं सोड गं. गोष्ट तुझ्या हातात होती ना? एकदा तरी नको म्हणायचंस."

"खेळ आहे रे," थोरली हसत म्हणाली.

तिथेच बिनसलं. लंबू पाणीसुद्धा न पिता गेला, तो परत फिरकला नाही.

"फोन कर की," मी म्हणाले.

"त्याला घर माहीत आहे." हे ताठ नाक कुणावर गेलंय, ते मी बोलत नाही.

पुढच्या शनिवारी तिने बुटका माझ्या हवाली केला. "आई, तू काही करू नकोस. फक्त या दोघांपासून सांभाळ."

सांभाळ म्हटल्यावर मी सांभाळला.

"बुटक्या, उघड!" पहिलंच दार समोर आलं तसा धाकटा ओरडला.

"त्याला बरं नाही. तुला काय हात नाहीत?"

जादूगार खड्ड्यात पडला. पुढे एक खानावळ लागली. मालकाला कोठीवर विश्वासू माणूस हवा होता. मी पगार विचारला, सुट्टी विचारली, राहायची सोय विचारली आणि फासे टाकले. बुटका नोकरीला लागला.

"आई! पुढे राक्षस आहे! लढणारा तो एकटाच होता!" धाकटा कळवळला.

"राक्षस मारून पेन्शन मिळते का?"

"काकू, कुऱ्हाड तरी आणलीत ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"मालकाकडे जमा केली. लाकडं फोडायला होईल."

थोरली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग लंबूच्या रिकाम्या खुर्चीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती फासे गोळा करायला लागली.

आज जेवताना म्हणाली, "येत्या शनिवारी गोष्ट संपवून टाकते. राक्षस सगळ्यांना खाईल. लंबूशिवाय मजा नाही." एवढंच बोलली आणि ताट उचलून गेली.

तेव्हापासून मला झोप नाही. एवढ्या वर्षांची मैत्री, आणि ही दोघं ती एका बेडकाच्या वासावर घालवणार? माफी थोरलीने मागायची आहे. ते काम मी माझ्या अंगावर घेणार नाही. मी आपली बातमी द्यायला फोन करणार. लंबू आज रात्रपाळीवर आहे, म्हणजे जागा आहे. सांगेन, "अरे, तुझ्या बुटक्याला मी खानावळीत चिकटवलाय. मालक खूश आहेत, बढतीचं चाललंय. सोडवायचा असेल तर शनिवारी येऊन राजीनामा तुझा तूच दे."

लावतेच.