सही करण्याआधी वाच

रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला उभा राहणारा, बाहेर दोन युरोची कॉफी प्यायला तरी घरी येऊन सांगणारा, असा माझा नवरा धम्मपाल. अशा माणसाशी नऊ वर्षं संसार केला की बायको निर्धास्त होते. मीही झाले होते.

उंटरश्लाइसहाइममधल्या त्याच्या कंपनीत जर्मन सरकारचं उपग्रहांचं काम आलं. लहानपणापासून त्याला हेच करायचं होतं. पण आधी माणूस भरवशाचा आहे का, याची सरकारी तपासणी. त्या फॉर्ममध्ये कर्जाचा रकाना असतो, कारण देणेकऱ्याला कोणीही पैशाने फितवू शकतं अशी त्यांना भीती. बायकोचीही माहिती आणि सही लागते.

रविवारी सकाळी त्याने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "सही करण्याआधी वाच," म्हणाला, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागला.

कर्जाच्या रकान्यात लिहिलं होतं: मित्रासाठी जामीन. महिना तीनशे दहा युरो, पाच वर्षांपासून.

मित्र म्हणजे भंडाऱ्याचा निहार. तो रेगेन्सबर्गला शिकायला निघाला तेव्हा धम्मपाल नागपुरात नोकरीला होता. निहारला बँकेत जामीन हवा होता. मित्राला "विचार करून सांगतो" म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ह्याने एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने सही ठोकली. पुढे आजारपणाने निहारचं शिक्षण अर्धवट सुटलं, आणि बँकेचं पत्र ह्याला आलं.

"पाच वर्षं?" मी ओरडले. "अरे, पोराच्या पाळणाघराची फी वाढली म्हणून मी जिम सोडलं तेव्हाही गप्प बसलास?"

"तू निहारला बोलली असतीस."

"बोललेच असते!"

"म्हणूनच."

"मग आत्ता तरी कशाला सांगितलंस?"

"रकाना रिकामा सोडला असता तर खोटं झालं असतं."

"आणि मला न सांगणं?"

त्याने नळ बंद केला. मी सही केली आणि दोन दिवस अबोला धरला. पैशाचं दुःख नव्हतं. सरकारने विचारलं म्हणून मला कळलं, ह्याचं रडू येत होतं.

महिन्याभराने दोघांना खुलाशासाठी बोलावलं. अधिकारी बाई वयस्कर होत्या. हप्ते वेळेवर आहेत, म्हणाल्या, कर्जाची अडचण नाही. मग माझ्याकडे वळल्या. "बायकोपासून लपवलेल्या गोष्टीवरून माणसाला धमकावता येतं. तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून" म्हटलं की काम फत्ते. शब्द अगदी ओठांवर आला होता. धम्मपालने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली: नको.

"गेल्या महिन्यापासून," मी म्हणाले. "ह्यानेच सांगितलं."

बाईंनी लिहून घेतलं. "अजून विश्वास आहे ह्यांच्यावर?"

"राग आहे."

"ते मी विचारलं नाही."

मी शेजारी पाहिलं. हवंहवंसं काम हातचं जात असतानाही हा वेडा मला खोटं बोलू देत नव्हता.

"आहे," मी म्हणाले.

सरकारची मंजुरी यायला चार महिने लागले. माझी तिथेच देऊन झाली होती.